चक्कीपासून तिसरं घर

सक्करदरा तलावाच्या मागच्या अंगाला जी वस्ती आहे, तिथे घरांना नंबर आहेत, पण ते कोणालाच पाठ नाहीत. भैय्याजींची पिठाची चक्की हे गल्लीचं मधलं ठिकाण. बाकी सगळे तिथून मोजायचे. चक्कीसमोरचं घर, चक्कीमागचं नळाजवळचं, चक्कीपासून पाचवं हिरव्या दाराचं. पोस्टमन असंच विचारतो, लग्नाच्या पत्रिकाही अशाच वाटल्या जातात. नंबर विचारत कोणी आलं, की तो महानगरपालिकेचा माणूस आहे हे शेंबडं पोरगंसुद्धा ओळखतं.

या गल्लीत सत्यवती दहा वर्षं आशाताई होती. कोणाला दिवस गेलेत, कोणाच्या बाळाचा डोस राहिलाय, कोणत्या म्हाताऱ्याची साखर वाढली आहे, हे बघत दारोदार फिरणं हे तिचं काम. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटक, आणि चाल अशी की बरोबरच्याने निम्मं अंतर धावतच काढावं. नवरा गोपाळराव महाल भागातल्या एका साडीच्या दुकानात कामाला. दुकानात कोणी बायकोचा विषय काढला की तो म्हणायचा, "आमच्या बाईले गल्लीतल्या सगळ्यांचं बीपी माहीत आहे, एक माहं सोडून." तेही तिला माहीत होतं. नुसतं बोलून दाखवत नव्हती.

सरकारने तिला रजिस्टर दिलं होतं, गुलाबी साडी दिली होती, मोबाइलही दिला होता. गल्लीने तिला विश्वास दिला होता, आणि तो सरकारी सामानापेक्षा फार महाग होता. बायका सख्ख्या बहिणीला न सांगितलेलं तिला सांगत. एकीचं लग्नाआधी काढून टाकलेलं पोर, दुसरीचा नवरा कामाच्या नावाखाली दारू सोडवण्याच्या केंद्रात जातो ते, तिसरीच्या सासऱ्याची फिट. ऐकलेलं सगळं ती पोटात ठेवायची. दहा वर्षांत तिच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे गेला नव्हता, आणि याचा तिला अभिमान होता. अभिमान वाईट नसतो. फक्त त्याला कोणी गोंजारलं की तो लगेच अंग टाकतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

दरवर्षी जानेवारीत शहरातल्या एका कॉलेजची मुलं वस्तीत यायची. सार्वजनिक आरोग्य शिकणारी, बहुतेक जण आधीच कुठली तरी डॉक्टरकी करून आलेली. त्यांचे केशव सर चांगला माणूस. वर्गातल्या फळ्यावर शिकलेलं आरोग्य परीक्षेपुरतं टिकतं, खरं शिकायचं तर लोकांच्या ओसरीवर बसावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. नुसतं म्हणून ते थांबायचे नाहीत. पहिल्याच वर्षी ते स्वतः येऊन सत्यवतीच्या घरी जमिनीवर बसले आणि म्हणाले, की माझ्या पोरांना पुस्तकातलं मी शिकवतो, घरात शिरायचं तेवढं तुम्ही शिकवा. त्या दिवसापासून दर जानेवारीत आठ आठवडे सत्यवती मास्तरीण व्हायची.

आणि शिकवायची कशी. पहिल्या दिवशी वही पिशवीतून बाहेर काढायची नाही. उंबऱ्यात चपला काढताना घरच्या चपला बघून घ्यायच्या, म्हणजे माणसं किती ते विचारावं लागत नाही. पाणी दिलं तर प्यायचं. ज्या घरचं पाणी प्यायला तुमचा घसा अडतो, त्या घरात जुलाब झालेत का हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही. घरातल्या मोठ्या बाईशी आधी बोलायचं, सुनेशी नंतर, आणि सुनेशी बोलायचं ते मोठी बाई नळावर गेल्यावर. औषधांच्या पट्ट्या देवाच्या फोटोमागे असतात, पण म्हणून फोटो उचलायचा नाही. मुलं हसत, दुसऱ्या आठवड्यात गप्प होत, आणि आठव्या आठवड्यात जाताना तिच्या पाया पडत. इतक्या वर्षांत तिच्या हाताखालून दीडशेवर पोरं गेली असतील. त्यातले काही आता जिल्ह्याजिल्ह्यांत साहेब झालेत.

यंदाच्या पोरांत मधुवंती होती. धंतोलीत आईवडील दोघांचाही दवाखाना, गाडीतून वाढलेली मुलगी. पण तिने वस्तीत पाऊल टाकलं ते मोकळ्या मनाने. पहिल्याच दिवशी चक्कीजवळच्या रुख्मिणीबाईंच्या घरचं माठातलं पाणी घटाघट प्यायली. दुपारी बाकीची मुलं कॉलेजच्या बसमध्ये डबे खात, ही सत्यवतीच्या स्वयंपाकघरात पाट ओढून बसायची. सत्यवतीला दोन मुलगेच, दोघंही पुण्याला. मुलगी नाही. ही पोर "काकू, मला भाकरी थापायला शिकवा" म्हणायची, वाकड्यातिकड्या भाकऱ्या करायची आणि स्वतःच खायची. तिच्यासाठी सत्यवती सकाळी उठून पोह्यांवरची तर्री करून ठेवू लागली. गोपाळरावाने एकदा चिडवलं, की आपले पोरं घरी होते तवा तर एवढी तर्री कधी दिसली नाही. सत्यवतीने त्याच्याही वाटीत एक पळी जास्तीची ओतली आणि विषय संपवला.

आता गुंजनबद्दल सांगायला हवं. रुख्मिणीबाईंची ती सून, चक्कीपासून तिसरं घर. माहेर उमरेडचं, वडील हातमागावर विणणारे. सत्यवतीचं माहेर त्याच बाजूचं, म्हणून गुंजन तिला मावशी म्हणायची. नवरा जितेंद्र ई-रिक्षा चालवायचा आणि गुंजन डबे करायची. धंतोलीतल्या दवाखान्यांत यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली कुठून कुठून पेशंट येतात, आणि त्यांच्यासोबतची माणसं हॉटेलचं खाऊन कंटाळतात. गुंजनची वांग्याची भाजी आणि मऊ पोळ्या अशा माणसांना घरची आठवण करून देत. जितेंद्र रिक्षातून डबे पोचवायचा. ती कामात पक्की, बोलायला कमी, आणि सासूच्या धाकातली पण सासूची लाडकी.

ऑक्टोबरात तिच्या मानेला गाठ आली. सत्यवतीनेच तिला तपासायला नेलं, आणि टीबी निघाला. पण हा गाठीचा टीबी, फुप्फुसांचा नव्हे. तो खोकल्यातून, श्वासातून, हातच्या पोळीतून कोणाला होत नाही. डॉक्टरांनी हे नीट सांगितलं, सत्यवतीने जितेंद्रला पुन्हा दोनदा सांगितलं. नवऱ्याला पटलं. तरी गुंजनने हात धरून विनवलं, की सासूला कळू देऊ नका, गल्लीला कळू देऊ नका, माझे डबे बंद होतील. वेड्यासारखं काही मागत नव्हती ती. गल्लीत टीबीला एकच शब्द आहे आणि त्याचा एकच अर्थ.

मग दोघींनी मिळून युक्ती काढली. सहा महिन्यांच्या गोळ्या सत्यवतीच्या घरी ठेवायच्या. सत्यवतीच्या अंगणात गोडलिंबाचं झाड होतं, आणि डब्याच्या फोडणीला रोज गोडलिंब लागतंच. गुंजन रोज सकाळी गोडलिंब तोडायला यायची, आत येऊन पेलाभर पाण्याबरोबर गोळ्या घ्यायची आणि पानं घेऊन परत जायची. चार महिने एक दिवस चुकला नाही. गाठ उतरली, चेहऱ्यावर तेज आलं. दोनच महिने राहिले होते.

आणि तिकडे मुलांचा नकाशा तयार होत होता. केशव सरांच्या शिकवण्यातला तो मोठा भाग. वस्तीतल्या बायकांना समाजमंदिराच्या फरशीवर बसवायचं, हातात रांगोळी द्यायची आणि आपली गल्ली काढायला सांगायची. शिकणाऱ्यांनी काही काढायचं नाही, नुसतं बघायचं. बायकांनी दोन दुपारी रंगून जाऊन गल्ली काढली. नळ, गटार, भैय्याजींची चक्की, मारुतीचं देऊळ, तुंबणारा नाला. जिथे पाणी येत नाही तिथे चिंचोका ठेवला, जिथे संडास नाही तिथे खडा. मधुवंतीने फोटो काढले आणि घरी लॅपटॉपवर तोच नकाशा असा सुरेख उतरवला, की बायका आपापल्या दारातली तुळससुद्धा शोधून काढत होत्या.

एका दुपारी स्वयंपाकघरात पाटावर बसून मधुवंती म्हणाली, की काकू, नकाशात पाणी आलं, कचरा आला, पण आजारच नाहीत. आजारांशिवाय हा आरोग्याचा नकाशा कसला? बीपी, साखर, टीबी कुठल्या घरात आहेत एवढं कळलं तर अहवाल पूर्ण होईल. आणि अहवालावर क्षेत्र मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव छापून येईल, सरांशी बोलले आहे मी.

इथे सत्यवतीने उठून चुलीवरचं दूध बघायला हवं होतं. तिने विचारलं, बाहेर जाणार नाही ना हे? मधुवंती म्हणाली, "नाही काकू. हे फक्त कॉलेजसाठी. वस्तीत दाखवायच्या नकाशात हे ठिपके नसतील. नावं तर कुठेच नसतील." तिने सत्यवतीच्या हातावर हात ठेवला. खोटं बोलत नव्हती ती. त्या दुपारी तरी नव्हती.

छापलेलं नाव. दहा वर्षं दारोदार फिरून जिचं नाव कोणी विचारलं नव्हतं, निम्मी गल्ली जिचं खरं नाव आशा समजत होती, तिला एका कागदावर आपलं पूर्ण नाव दिसलं. शिवाय समोर बसलेली कोणी परकी नव्हती, घरची पोर होती. सत्यवतीने घरामागून घर सांगितलं, आणि मधुवंती स्क्रीनवर बोट टेकवत गेली. बीपीला निळा, साखरेला पिवळा, टीबीला लाल. लाल तीनच होते. गाठीचा की छातीचा, हा फरक करायला नकाशात वेगळा रंगच नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी समाजमंदिरात मोठी सभा ठरली. वस्तीकडून घेतलेलं वस्तीला परत द्यायचं, नुसती माहिती उचलून पळायचं नाही, हाही केशव सरांचा नेम. बाहेरगावहून परीक्षक बाई येणार होत्या. सत्यवती दोन दिवस दारोदार फिरली. रुख्मिणीबाई येत नव्हत्या, त्यांचे गुडघे दुखत होते, तर ती त्यांना म्हणाली की खुर्ची ठेवते तुमच्यासाठी, सुनेलाही आणा, आपल्या गल्लीचं कौतुक आहे. माणसं तिनेच गोळा केली. हे नंतर तिला फार लागलं.

सभा मोठी छान चालली. मुलांनी हात धुण्याचं नाटुकलं केलं, पोरांची वजनं सांगितली, समोसे आले. मग मधुवंती माइकवर आली आणि पडद्यावर नकाशा उमटला. आधी टाळ्या पडल्या. मग जी गंमत सुरू झाली ती थांबेना. भैय्याजी उठून म्हणाले, हे पाहा माही चक्की. कोणी देऊळ दाखवलं, कोणी नळ, कोणी आपलं हिरवं दार. सत्तर माणसं बोटं करून घरं मोजू लागली. परीक्षक बाई कौतुकाने हसत होत्या.

मधुवंतीने एकदा परीक्षक बाईंकडे पाहिलं, आणि एक बटन दाबलं. नकाशावर ठिपके आले.

सत्यवती मागे समोशांची प्लेट घेऊन उभी होती. तिला ते पाहूनही कळायला वेळ लागला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, लाल म्हणजे काय जी? मधुवंती स्वच्छ आवाजात म्हणाली, "लाल म्हणजे क्षयरोगाचे, टीबीचे रुग्ण. सगळी नावं आम्ही पूर्णपणे गुप्त ठेवली आहेत."

नावं खरंच नव्हती. एकही नाव नव्हतं. फक्त घरं होती. पहिला लाल ठिपका देवळामागे, तो म्हातारा मागच्याच आठवड्यात वारला होता. दुसरा नाल्याकाठी, तो ऑटोवाला स्वतःच सगळ्यांना आपली कहाणी सांगत फिरायचा. तिसऱ्यापाशी सत्तर माणसांनी मोजलं. चक्की, एक, दोन, तीन. सगळ्यांनी मान वळवून तिसऱ्या रांगेत पाहिलं, जिथे रुख्मिणीबाई खुर्चीवर आणि गुंजन त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसली होती.

गुंजनने कोणाकडे पाहिलं नाही. तिने पडद्याकडेही पाहिलं नाही. मागे वळून तिने फक्त सत्यवतीकडे पाहिलं, आणि पदर सावरून उठली. रुख्मिणीबाई दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्या मागे गेल्या. तिकडे मधुवंती पुढच्या स्लाइडवर गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून गोडलिंबाच्या झाडाशी कोणी आलं नाही. सत्यवती स्वतः गोळ्या घेऊन गेली. दारात रुख्मिणीबाई होत्या. त्या भांडल्या नाहीत, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "चार महिने तुमी माह्या सुनेले गोळ्या देऊन राहिल्या होत्या, अन् मले गोडलिंब दाखवून राहिल्या होत्या. घर माहं होतं ना बाई?" आणि दार लावून घेतलं. आठवड्याभरात डबे बंद झाले. वस्तीतल्याच कोणी तरी धंतोलीत जाऊन दवाखान्याबाहेरच्या पानठेल्यावर सांगितलं होतं. जितेंद्र ओरडून सांगत राहिला की हा पसरणारा नाही, पण तो जितका ओरडे तितकी लोकांची खात्री पटे. नळावर गुंजनची घागर बाजूला ठेवली जाऊ लागली. एके सकाळी कळलं की ती उमरेडला माहेरी गेली.

बाकीच्या बायकाही बदलल्या. सत्यवती दारात आली की बोलणं थांबे. चहा मिळे, आजार मिळेना. एक पोरगी तिसऱ्या महिन्याची होती आणि तिने सत्यवतीला सांगितलं नाही, सत्यवतीला ते दुसऱ्या वस्तीच्या आशाताईकडून कळलं. त्या दिवशी घरी येऊन ती रडली. गोपाळराव जवळ बसून राहिला. समजूत घालायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याने चहा केला, आणि साखर विसरला.

मग ती कॉलेजात गेली. केशव सरांनी उठून खुर्ची दिली, मधुवंतीला बोलावून घेतलं. सरांनी सगळं ऐकलं. ते खरोखर कष्टी झाले, पण म्हणाले की अभ्यासाला कॉलेजच्या समितीची परवानगी होती, नियमाप्रमाणे एकूणएक नाव काढलं होतं. सत्यवती म्हणाली, "सर, आमच्या गल्लीत नाव लागते कोणाले? तिसरं घर म्हटलं की झालं." सरांनी डायरी काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. फार मोलाचं बोललात, म्हणाले, हे पुढच्या बॅचला शिकवलंच पाहिजे, तुम्हीच या बोलायला. गुंजनचा संसार आता एक धडा झाला होता, आणि तो शिकवायला तिलाच आमंत्रण होतं.

ती मधुवंतीकडे वळली. "तू म्हणाली होती वस्तीत दाखवणार नाही. माह्या हातावर हात ठेवला होता तू."

मधुवंतीचे डोळे भरले होते. तिने सांगितलं की परीक्षक बाई आदल्या दिवशी आल्या, त्यांना ठिपक्यांचा नकाशाच सगळ्यात आवडला, त्या म्हणाल्या हाच दाखवा. नावं नाहीत म्हणून मलाही काही वाटलं नाही. मग तिने डोळे पुसले, आणि हळूच, कोणाला दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाली, "पण काकू, माहिती तर तुम्हीच दिली होती ना."

सत्यवती उठून बाहेर पडली. परत येताना ऑटोत तिने मनातल्या मनात शंभर उत्तरं दिली. तू माझ्या चुलीजवळ बसून जेवलीस. तू माठातलं पाणी प्यायलीस ते मीच शिकवलं म्हणून. मी घरची समजून दिलं, आणि तू ते बाहेरच्या बाईच्या शाबासकीसाठी विकलंस. संताप तिला असा चढला होता की सक्करदऱ्याचा चौक मागे पडला तरी कळलं नाही. आपल्याला फसवलं, हे एकच वाक्य ती आठवडाभर गोपाळरावाला, भिंतींना आणि स्वतःला ऐकवत होती.

पण गोळ्यांचं काय? संताप एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला दिवस मोजत होती. गुंजनचं औषध सुटून पंधरावा दिवस. आणखी काही आठवडे असेच गेले तर उतरलेली गाठ परत येईल, आणि मग साध्या गोळ्यांना दाद देणार नाही असा टीबी व्हायची भीती. फोन गुंजन उचलत नव्हती. सोळाव्या दिवशी सत्यवती गोळ्यांची पिशवी आणि उपचाराचं कार्ड घेऊन उमरेडच्या एसटीत बसली.

वाटेत मोबाइल वाजला. मधुवंतीने फोटो पाठवला होता. कुठल्याशा परिषदेत त्यांच्या नकाशाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ती हातात प्रमाणपत्र धरून उभी, शेजारी केशव सर. खाली लिहिलं होतं, काकू, हे तुमच्यामुळे. अहवालाच्या पहिल्या पानाचाही फोटो होता, आणि त्यावर सत्यवतीचं पूर्ण नाव होतं, माहेरचं आडनावसुद्धा बरोबर छापलेलं. तिने मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

उमरेडला गुंजनच्या घरात मागाचा आवाज चालू होता. आईने दार उघडलं, पाणी दिलं आणि आत गेली. गुंजन माजघरात बसून बापासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मान वर केली नाही. सत्यवती तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि बोलत सुटली. त्या पोरीने शब्द दिला होता, त्या पोरीने दगा दिला, कॉलेजात जाऊन मी तोंडावर सुनावून आले, मलाही फसवलं गं. ती बोलत होती आणि चरख्याचं चाक फिरत होतं.

गुंजनने चाक थांबवलं. "त्या पोरीले मी काहून दोष देऊ, मावशी? तिले मी काही सांगतलंच नव्हतं. मी तुमाले सांगतलं होतं."

मग तिने पुन्हा कांडी भरायला घेतली. पंधरा दिवस सत्यवती स्वतःला फसलेली बाई समजत होती. ती फसली होती हे खरंच होतं. पण फसलेल्यांच्या रांगेत ती दुसरी होती, आणि पहिलीला तिनेच फसवलं होतं, भाकरी थापता थापता, एका छापील नावासाठी. हे कळलं तेव्हा तिला रडूही आलं नाही. नुसती लाज वाटली, अंगभर.

तिने पिशवीतून पट्ट्या काढून पुढे ठेवल्या. गुंजनने पट्ट्यांकडे पाहिलं. म्हणाली, "गोळ्या घेईन मी. मले मरायचं नाही. पण तुमी नका येऊ आता. जे मले ओळखत नाही, असं कोणी पाहून द्या."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तो कधी तरी उतरला असता. सत्यवतीने मान हलवली, गोळ्या परत पिशवीत भरल्या आणि उठली. चहा घेऊन आलेली आई दारात भेटली. सत्यवतीने उभ्या उभ्याच तो प्यायला, कारण न पिऊन निघणं तिला जमलं नसतं.

गावातल्या सरकारी दवाखान्यात टीबीच्या खिडकीशी सुहासिनी नावाच्या सिस्टर होत्या. मनमोकळ्या होत्या. त्यांनी कार्ड पाहिलं, डॉक्टरांना दाखवून आणलं, आणि सांगितलं की औषध पुढे चालू करता येईल, उद्यापासून बाईंना इथे पाठवा. मग रजिस्टर ओढलं आणि आशाताई समोर आहे म्हणून आपुलकीने एकेक विचारू लागल्या. चार महिने नेमाने घेतल्या, मग मधातच काहून सोडल्या?

"मले माहीत नाही," सत्यवती म्हणाली.

सासरी काही तरास आहे का? घरच्यांना आजाराचं माहीत आहे का? नवरा सांभाळतो का नीट? कामधंदा काही करते का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सत्यवतीच्या जिभेवर होतं, तारीखवार होतं. ही सिस्टर चांगली होती, विचारत होती ते गुंजनच्याच भल्यासाठी. मधुवंतीही चांगलीच होती.

"जे कार्डावर लिहिलं आहे तेवढंच," ती म्हणाली. "बाकी मले काही माहीत नाही, बाई."

सुहासिनी सिस्टरांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. दहा वर्षांच्या आशाताई तुम्ही, त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या पेशंटची काहीच माहिती नाही? असं कसं काम करता? त्यांनी नाव, वय आणि औषधाची तारीख लिहिली, पुढचे रकाने रिकामे सोडले आणि सहीसाठी रजिस्टर तिच्याकडे वळवलं.